जॉनी गद्दार (२००७): जमवण्यासारखी प्रत कोणती, तपासायची कशी, ठाण्याच्या हवेत टिकवायची कशी

नौपाडा_नाका

२८ सप्टेंबर २००७ ला आलेला हा सिनेमा तिकीटबारीवर फार चालला नाही. श्रीराम राघवन यांचा हा दुसरा चित्रपट, 'एक हसीना थी' (२००४) नंतरचा. नंतर त्यांचं नाव मोठं झालं तसे लोक मागे वळून याच्याकडे आले, पण अजूनही दहा जणांत दोघांनीच पाहिलेला असतो. ठाणे-नवी मुंबईत जुन्या डिस्क जमवणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कृपा करून शेवट फोडू नका.

गोष्ट थोडक्यात: पाच भागीदार, प्रत्येकाचे ५० लाख, एकूण अडीच कोटी. रोकड घेऊन त्यातला शिवा मुंबईहून बंगळूरच्या रेल्वेगाडीत बसतो आणि पाचातलाच एक जण ती वाटेत लांबवायचं ठरवतो. तो कोण, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. ताण असतो तो इतरांना कधी कळतं याचा. चित्रपट विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेला आहे आणि ते अर्पण नुसतं पाटीपुरतं नाही. रोकड लांबवणारा गडी मुक्कामाला थांबतो तिथे समोरच्या टीव्हीवर 'जॉनी मेरा नाम' (१९७०) चालू असतो, त्यावरून त्याला खोटं नाव सुचतं. 'परवाना' (१९७१) मधला रेल्वे-विमानाचा डावही असाच टीव्हीवरून कथेत शिरतो. शेषाद्री, म्हणजे धर्मेंद्र, टेपवर बायकोच्या आवाजातलं 'मोरा गोरा अंग' ऐकत बसतो. ते गाणं 'बंदिनी' (१९६३) मधलं, आणि 'बंदिनी'त धर्मेंद्र स्वतः होता.

हे सगळं थिएटरात एका फटक्यात हाती लागत नाही. थांबवून, मागे नेऊन पाहावं लागतं. म्हणूनच ही डिस्क कपाटात हवी, आणि म्हणूनच कुठलीही चालत नाही. कुठली चालते ते लिहा.

वाशी_सेक्टर_सतरा

सुरुवात सिनेमाच करून देतो. पहिलाच प्रसंग कृष्णधवल, रात्रीचा, धो धो पावसातला. एमपीईजी कॉम्प्रेशनला पाऊस हे सर्वात अवघड काम: प्रत्येक फ्रेममध्ये हजारो बारीक रेषा नव्या जागी, त्यामुळे आधीच्या फ्रेमवरून पुढची काढायची युक्ती चालत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारी माहिती, कमी पडली की पावसाच्या रेषा गायब होऊन काळ्या भागात चौकोन नाचू लागतात. कोणतीही प्रत हातात आली की पहिली पाच मिनिटं लावा. तिथे पास झाली तर पुढे सहसा दगा देत नाही.

आकडे बघा. चित्रपट १३५ मिनिटांचा. एकच सिनेमा ४.७ जीबीच्या एकपदरी (माहितीचा एकच थर असलेल्या) डीव्हीडीवर असेल तर आवाजासकट सरासरी ४.६ मेगाबिट प्रतिसेकंद मिळतात. ८.५ जीबीच्या दोनपदरीवर ८.४ पर्यंत. पण 'तीन सिनेमे एका डीव्हीडीत' वाल्या डिस्कवर एकाच्या वाट्याला जेमतेम २.८. त्यातला ५.१ आवाज ४४८ किलोबिट खातो, राहिलं काय? तीन-इन-वन संग्रहासाठी घेऊ नका, कव्हर कितीही चकचकीत असो.

दुसरी गोष्ट अॅनामॉर्फिक आहे की नाही, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून चौकटीच्या जास्त ओळींत भरलंय की नाही. सिनेमा स्कोप, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३५ पट. एनटीएससी या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी अॅनामॉर्फिक डिस्कवर चित्राला ३६३ ओळी मिळतात. ४:३ चौकटीत काळ्या पट्ट्या घालून छापलेली असेल तर २७२ च. एक चतुर्थांश चित्र तिथेच गेलं. ओळखायचं असं: रुंद टीव्हीवर प्लेअर १६:९ ला सेट करून लावा. फक्त वर-खाली पट्ट्या आल्या तर ठीक. चारही बाजूंनी काळी चौकट आली तर ती लेटरबॉक्स प्रत. कव्हरवर 'वाइडस्क्रीन' दोन्हींवर लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

ऐरोलीची_अनू

माझ्याकडच्या प्रतीची वेळ प्लेअरवर १२९ मिनिटं आणि काही सेकंद दिसते. सगळीकडे १३५ लिहिलंय. म्हणजे कापलेली आहे का? की एखादं गाणं उडवलंय?

वाशी_सेक्टर_सतरा

अनूताई, घाईने टाकून देऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. पाल या दुसऱ्या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर तोच २५ फ्रेमने धावतो, म्हणजे ४ टक्के जलद. १३५ गुणिले २४ भागिले २५ करा, १२९.६ येतात. तुमची प्रत पाल असावी आणि पूर्ण असावी. खात्री करायला डिस्क कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा आणि कोडेकची माहिती उघडा. ७२० × ५७६ आणि २५ फ्रेम दिसलं तर पाल, ७२० × ४८० आणि २९.९७ दिसलं तर एनटीएससी. एनटीएससी असून १२९ मिनिटं असतील तर मात्र कात्री लागली आहे, किंवा पालवरून कच्चं रूपांतर केलंय.

कच्चं रूपांतरही डोळ्यांनी पकडता येतं. गाडीतल्या प्रसंगात, खिडकीबाहेरचे दिवे पळत असताना, पॉज करून एकेक फ्रेम पुढे न्या. एका फ्रेममध्ये एकाच दिव्याच्या दोन फिकट प्रतिमा दिसल्या तर फील्ड, म्हणजे फ्रेमचे सम आणि विषम ओळींचे दोन अर्धे भाग, एकमेकांत मिसळलेली आहेत. ते मास्टरमध्येच, म्हणजे छपाईच्या मूळ प्रतीतच गेलंय, कुठल्याही टीव्हीने सुधारत नाही. नुसते आडवे कंगव्यासारखे दात दिसत असतील तर घाबरू नका, तो इंटरलेसिंगचा, म्हणजे सम-विषम ओळी आळीपाळीने दाखवण्याचा भाग. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करून याडिफ हा पर्याय निवडला की जातो.

पाल प्रतीत आवाजही किंचित वर चढतो, अर्ध्या सुराच्या जरा अलीकडे. शंकर-एहसान-लॉय यांची गाणी कानात बसलेल्यांना ते जाणवतं. त्यांना एनटीएससी बरी.

ऐरोलीची_अनू

७२० × ५७६, २५ फ्रेम. म्हणजे पूर्ण आहे. आभार! आता पावसाचा प्रसंग तपासते.

रद्दी_आणि_रत्नं

अस्सल-नक्कलचं मी लिहितो, कारण रद्दीच्या दुकानात ढिगात दोन्ही मिसळलेली असतात आणि दुकानदाराला त्यातलं कळत नाही.

डिस्क उलटी करा. छापील कारखान्याची डिस्क चांदीसारखी पांढरी, दोनपदरी असेल तर फिकट सोनेरी. जांभळट, निळसर, हिरवट झाक असेल तर ती घरी बर्न केलेली. मग मधल्या भोकाभोवतीचं कडं उजेडात तिरकं धरा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक (कारखान्याचा ओळख क्रमांक) असतो आणि बहुतेक अधिकृत प्रतींवर 'आयएफपीआय' (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) अक्षरांचे दोन कोड: 'एल'ने सुरू होणारा मास्टरिंगचा, दुसरा साच्याचा. साच्याचा कोड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये उठावाने असतो, तो नखाला लागतो. दोन्ही असले तर निर्धास्त घ्या. एखादा नसला म्हणून लगेच नकली म्हणू नका, वरची छपाई आणि इनले, म्हणजे डब्यातला छापील कागदही बघा. नकलीची छपाई भिंगातून फोटोकॉपीसारखी मऊ दिसते, कारण ती छापील कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलेली असते. बारीक अक्षरांच्या कडा आधी फुटतात. सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील, निर्माता अॅडलॅब्ज, संकलक पूजा लढा सुर्ती, छायालेखक सी. के. मुरलीधरन, ही ओळ वाचता आली पाहिजे.

प्रादेशिक कोडही पाहा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या विभागात चालते ते. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच डिस्कवर 'ऑल' असतं. परदेशातून आलेली विभाग १ ची प्रत लॅपटॉपच्या ड्राइव्हने नाकारली तर विभाग बदलायच्या आधी थांबा. ड्राइव्ह आयुष्यात पाचदाच बदलू देतो, पाचव्यांदा निवडाल तो कायमचा.

खोपट_कलेक्शन

व्हीसीडीबद्दल कोणी बोलत नाही. दोन डिस्कचा संच अजून सापडतो. संग्रहात ठेवावा का?

वाशी_सेक्टर_सतरा

चित्रासाठी नाही. ३५२ × २८८ मध्ये स्कोप सिनेमाला उभ्या साधारण १६३ ओळी उरतात. टीव्हीतल्या टीव्हीवर काय चालू आहे ते त्यात दिसत नाही, आणि या सिनेमात नेमकं तेच पाहायचं असतं.

रद्दी_आणि_रत्नं

इथे मी वेगळं म्हणेन. व्हीसीडी हा त्या काळचा बाजार कसा होता याचा पुरावा आहे. २००७ च्या आसपास मोझर बेअरने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांत आणली आणि सगळ्या बाजाराचे भाव खाली ओढले. किराणा दुकानाच्या काउंटरवर सिनेमा मिळू लागला तो काळ. न चाललेल्या सिनेमाला दुसरं आयुष्य मिळालं ते अशाच स्वस्त डिस्कमुळे आणि टीव्हीमुळे. इनले आणि दोन्ही डिस्क धड असतील तर ठेवा, बघायला मात्र डीव्हीडी लावा.

चकती_चिकित्सा

व्हीसीडी ठेवणार असाल तर तिची रचना लक्षात घ्या. सीडी १.२ मिलिमीटर जाड, आणि माहितीचा धातूचा थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली. त्यावर फक्त लॅकरचा पातळ पापुद्रा. म्हणून लेबलवरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक. खालचा पॉलिश होतो, वरच्यात धातूच निघून जातो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, माहिती मध्यभागी. तिला वरच्या ओरखड्याचं भय कमी, पण वाकवण्याचं जास्त. केसमधून काढताना मधली कळ दाबा आणि डिस्क सुटू द्या. कडेला धरून ओढली की डिस्क कमानीसारखी वाकते आणि आतल्या भोकापासून गोंद सुटायला लागतो.

विकत घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च डिस्कच्या मागे धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर धातू गेलाय. एक-दोन ठिपके कडेला असतील तर चालून जातं, कारण वाचन आतून बाहेर होतं आणि बाहेरची कड बऱ्याचदा रिकामी असते. ढगाळ डाग, कॉफीसारखा तपकिरीपणा किंवा कडेपासून आत येणारी पानासारखी नक्षी दिसली तर ठेवून द्या. ते गंजणं आहे, वाढतच जातं.

साफ करायला कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. बोटाच्या पेराने मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवू नका: वाचन गोल रेषेत होतं, गोल ओरखडा पडला तर सलग माहिती जाते, आडव्या ओरखड्याची भरपाई त्रुटी-दुरुस्ती करून देते. शेवटी बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, नळाच्या पाण्याचे क्षार डाग ठेवतात. मायक्रोफायबरने टिपा. स्टिकरचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की पॉलिकार्बोनेट कायमचं पांढुरकं होतं. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, चांगल्या प्रतीला लावू नका.

नौपाडा_नाका

आयएसओ, म्हणजे डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, करून ठेवण्याबद्दलही लिहा ना. डिस्क कधी बोलेनाशी होईल सांगता येत नाही.

चकती_चिकित्सा

डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू, हा खराब डिस्कमधून माहिती काढणारा प्रोग्रॅम. सेक्टर (वाचनाचा एक तुकडा) २०४८ बाइटचा सांगा आणि मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) नक्की द्या, खरी किमया तिचीच. पहिल्या फेरीत अडलेला भाग न खरवडता पुढे जायचा पर्याय ठेवा, म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक माहिती ड्राइव्ह न दमता येते. दुसऱ्या फेरीत थेट वाचन आणि तीन पुनःप्रयत्न. तरीही भोकं राहिली तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह जोडा आणि तीच मॅप फाइल देऊन पुन्हा चालवा. तो फक्त राहिलेले सेक्टर वाचेल. ड्राइव्हगणिक लेझरचा नेम आणि फर्मवेअर वेगळं असतं, एकाने सोडलेलं दुसरा उचलतो. मधेमधे डिस्क काढून पुन्हा धुतली तरी फरक पडतो.

व्हीसीडीला ही पद्धत लावू नका. तिच्या चित्राचे सेक्टर २३२४ बाइटचे, २०४८ ने कापले तर प्रत्येक सेक्टरची शेपटी जाते आणि फाइल चालत नाही. ती बिन आणि क्यू फाइलच्या जोडीत, कच्च्या २३५२ बाइटने उतरवायची. व्हीसीडीच्या चित्राला डेटा सीडीसारखा त्रुटी-दुरुस्तीचा जादा थर नसतो, त्यामुळे जिथे ओरखडा तिथे चित्र फुटतं. दोन संच मिळाले तर एकाची पहिली डिस्क आणि दुसऱ्याची दुसरी अशी चांगली जोडी लावता येते.

प्रत झाली की एसएचए-२५६ (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून मजकूर फाइलमध्ये ठेवा, सोबत मॅट्रिक्स क्रमांक आणि आयएफपीआय कोड. दोन हार्ड डिस्कवर प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

धागा_व्यवस्थापन

एक आठवण: चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं, म्हणजे या सिनेमाचा २०६७ अखेरपर्यंत. स्वतःच्या डिस्कच्या देखभालीबद्दल खुशाल लिहा. प्रती वाटण्याचे दुवे इथे टाकू नका, मागूही नका.

खोपट_कलेक्शन

पावसाळ्याचं काय? खाडीलगतच्या इमारतीत जुलैत कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. लोक डांबरगोळ्या टाकतात.

चकती_चिकित्सा

डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ पॉलिस्टायरिनला, म्हणजे व्हीसीडीच्या कडक पारदर्शक डब्यांना, मऊ आणि ठिसूळ करते. वास इनलेच्या कागदात बसतो तो वेगळा.

डिस्कला ५० टक्क्यांच्या खालची आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आपल्याकडे हवा ८०-९० टक्क्यांवर असते, त्यामुळे उघड्या शेल्फवर काही साधत नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा २० लिटरचा प्लॅस्टिक डबा घ्या. डिस्क उभ्या. तळाशी कापडी पिशवीत १५० ते २०० ग्रॅम सिलिका जेल, आत एक छोटा आर्द्रतामापक. डबा भरायचा तो कोरड्या दिवशी, किंवा एसी तासभर चालवलेल्या खोलीत, नाहीतर ओलावाच आत बंद होतो. केशरी दाण्यांचा रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. त्याहून तापवलं तर दाणे जळतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते घालू नका.

डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. नैऋत्येचा पाऊस झेलणारी भिंत आतून ओलावते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतल्या डिस्क आधी बाहेर काढा: त्यातलं तेलकट द्रव्य सुटून डिस्कवर धुकं धरतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या.

इनलेवर बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग कागदात मुरतो. आधी सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग गॅलरीत मास्क लावून मऊ ब्रशने झटका. पुस्तिकेच्या पिना गंजल्या असतील तर पाठीमागून पाय सरळ करून काढा आणि दोऱ्याने शिवा.

पोस्टर_पाचपाखाडी

पोस्टर जमवणाऱ्यांसाठी थोडं. मोठ्या हिंदी पोस्टरचा नेहमीचा आकार ३० × ४० इंच. दहापट भिंगाखाली ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके फुलासारख्या ठरावीक रचनेत दिसतात. नव्या इंकजेट प्रतीत ठिपके वेडेवाकडे विखुरलेले असतात. ज्याला 'ओरिजिनल' म्हणून भाव सांगतात, त्यावर भिंग धरल्याशिवाय पैसे काढू नका. घड्या असणं वाईट नाही, उलट वितरकाकडून तसेच येत. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून आरपार जातो. मागून जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने चिकटवा.

पोस्टरवर नील नितीन मुकेश मोठा दिसतो, त्याचं पदार्पण होतं ना. पण बघणाऱ्याला धरून ठेवतात बाकीचे. विनय पाठकचा प्रकाश आणि अश्विनी काळसेकरची वर्षा, हे जोडपं मराठी प्रेक्षकाला लगेच ओळखीचं वाटतं. रसिका जोशी शिवाची आई झाल्या आहेत. भूमिका छोटी, पण त्या आजारी आईमुळेच शिवा नुसता दांडगा गडी राहत नाही, आणि गाडीतला प्रसंग म्हणूनच इतका लागतो.

नौपाडा_नाका

अगदी. याच्या शेजारी काय ठेवावं हेही सांगतो. मल्याळम 'उन्नम' (२०१२) आणि तमिळ 'जॉनी' (२०१८) ही याचीच रूपं. आणि १९६३ चा जाक दरे यांचा फ्रेंच चित्रपट, ज्याच्या शीर्षकाचा अर्थ 'कत्तलीसाठी सिम्फनी', त्याचा सांगाडा याच्याशी जुळतो. सांगाडा तोच ठेवून राघवन यांनी त्यात हिंदी सिनेमा किती भरलाय, ते चारही लागोपाठ पाहिल्यावर कळतं.

ऐरोलीची_अनू

पावसाचा प्रसंग पाहिला. पाऊस स्वच्छ आहे, पण अंधारात कोटाच्या घड्या दिसत नाहीत, सगळं एकच काळं. ही डिस्क खराब की टीव्ही?

वाशी_सेक्टर_सतरा

बहुधा सेटिंग. ० ते २५५ च्या मापात डीव्हीडीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. प्लेअर 'लिमिटेड' (१६-२३५) पाठवतोय आणि टीव्ही 'फुल' (०-२५५) समजतोय असं झालं की सगळं राखाडी होतं, उलट झालं की अंधारातले तपशील बुडतात. टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज नावाचं सेटिंग शोधा, दोन्हीकडे लिमिटेड करा. 'डायनॅमिक' मोड बंद, शार्पनेस शून्याजवळ. मग तोच प्रसंग पुन्हा लावा. घड्या तरीही आल्या नाहीत तर तीच डिस्क लॅपटॉपवर पाहा. तिथेही काळंच असेल तर दोष डिस्कमध्ये आहे, आणि मग एनटीएससी प्रत शोधायला लागा.

ऐरोलीची_अनू

टीव्हीवर 'लो' होतं, 'नॉर्मल' केलं. कोट दिसला, कॉलरवरचं पाणीसुद्धा दिसलं.

रद्दी_आणि_रत्नं

मग ही प्रत सोडू नका. ठाण्यात तलावपाळीला डिस्कच्या अदलाबदलीला याल तेव्हा भोकाभोवतीचे कोड लिहून आणा, इथल्या बाकीच्यांच्या पाल प्रतींशी ताडून पाहू. एक्स्टर्नल ड्राइव्ह आणणाऱ्यांनी दोन यूएसबी टोकांची वायर आणावी. एका पोर्टच्या विजेवर काही ड्राइव्ह दोनपदरी डिस्क वाचताना थर बदलतो तिथेच बंद पडतात, आणि लोकांना वाटतं डिस्क गेली.